हे किती घेते?

आमच्या पवनी गावात कोणाच्या घरी नवा मिक्सर आला, तर लोक आधी त्याला हळद-कुंकू लावतात आणि मग बटन दाबतात. विनू आधी त्याला उलटासुलटा करून बघतो आणि गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "हे किती घेते?"

किंमत नव्हे. वीज नव्हे. शेंगदाणे किती मावतात, तेही नव्हे. विनूला विचारायचं असतं, की या वस्तूच्या हाती किती निरनिराळ्या गोष्टी दिल्या म्हणजे ती कामाला लागते. मिक्सर चार घेतो: भांडं, झाकण, आतला माल आणि करंट. यातली एक जरी राहिली तरी तो नुसता बसून राहतो. माझ्या घरचा मिक्सर बंद पडला तेव्हा मी त्याला दोन थपडा मारल्या, बायकोनं त्याहून जोराच्या मारल्या आणि त्याला मेकॅनिककडे न्यायला पिशवीही काढली. तेवढ्यात विनू आला, त्यानं बोटांवर मोजलं, झाकण जरासं फिरवलं, आणि मिक्सर असा गरजला की गल्लीतलं कुत्रं वैनगंगा ओलांडून पलीकडे गेलं. अजून आलेलं नाही.

माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, त्यामुळे माझ्या बोलण्याला थोडी झालर लागलेली असते, हे मान्य. पण कुत्रं खरंच गेलं.

विनू माझ्या समोरच्या घरात राहतो. वय चाळिशीला टेकलेलं, अंगात नेहमी बाह्या दुमडलेला चौकड्यांचा शर्ट, आणि चेहरा असा, की आत्ताच काहीतरी मोजून झालं आहे आणि हिशेब जुळला नाही. त्याचा हा प्रश्न त्यानं भंडाऱ्याला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरलाही विचारला होता. "ही गाडी निघायले किती घेते?"

कंडक्टर वैतागून म्हणाला, "डिझेल, डायवर अन् मायी घंटी."

"डिझेल आहे. घंटी तुमच्या हातात आहे," विनू म्हणाला. "म्हणजे एकच बाकी." आणि खाली उतरून तो टपरीवर चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरच्या समोर जाऊन उभा राहिला. नुसता बघत राहिला. ड्रायव्हरनं उरलेला उकळता चहा एका घोटात गिळला आणि भंडारा येईपर्यंत जीभ बाहेर काढून गाडी चालवली.

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या दुकानात त्यानं एक समई उचलली. "ही किती घेते?"

"वजनावर आहे," दुकानदार म्हणाला.

"तसं नाही. पेटायले किती घेते? तेल, वात, काडी. तीन."

म्हातारा दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "अन् लावणारा कोण? तुया आजा?"

विनूनं समई खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा बोटांवर मोजलं. "बरोबर आहे," असं म्हणाला खरा. पण परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत त्यानं पुन्हा तीनच बोटं मोडली, हे मी पाहिलं.

गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव 'किती घेते' ठेवलं आहे. त्याला राग येत नाही. हाक मारली की ओ देतो.

ही खोड त्याला कामातून लागली. विनू कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. आधी पुण्यात एका कंपनीत बसून लिहायचा. आता पवनीत, बापाच्या हातमागावर बसून लिहितो. माग खड्ड्याचा आहे. विणकर काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या फळ्यांवर. विनूनं मागावर एक फळी आडवी टाकली आहे, तिच्यावर लॅपटॉप आणि पाय खाली पावड्यांवरच. विचारात पडला की पाय आपोआप चालतात. माग रिकामाच खटखट करतो आणि तिकडे पुण्यात कंपनीतले लोक मीटिंगमध्ये विचारतात, की हा आवाज कसला?

त्याच्या प्रोग्रॅमिंगचा एक वेगळा पंथ आहे, फंक्शनल म्हणतात. मला यातलं काही कळत नाही असं समजू नका. गुणवंताच्या चहाच्या टपरीवर त्यानं मला तो संपूर्ण शिकवला आहे.

"भाऊ, फंक्शन म्हणजे काय?" विनू म्हणाला. "फंक्शन म्हणजे हा गुणवंता. याले दूध द्या, पत्ती द्या, साखर द्या. तीन घास. घास पोटात गेले की चहा देते. आता समजा तुमी दूध देलं, पत्ती देली, साखर देलीच नाही. दुसऱ्या भाषेतला गुणवंता काय करते? बोंबलते. चहाचं गंज-पातेलं आपटते. सारं काम बंद."

"हा गुणवंताही थेच करते ना," मी म्हणालो.

"अन् आमच्या भाषेतला गुणवंता बोंबलत नाही. दूध-पत्ती धरून चूप उभा राहते. साखरेची वाट पाहते. तुमाले वाटते चहा झाला. तुमी कप तोंडाले लावता, तं कपात चहा नाही. कपात गुणवंताच उभा."

"मले कपात नोको टाकू बे," गुणवंता स्टोव्हमागून म्हणाला.

म्हणून विनू कोणत्याही फंक्शनला काम सांगण्याआधी त्याला विचारून घेतो, की बाबा रे, तू किती घास घेतोस? तशी सोय आहे म्हणे. नाव टाकायचं, विचारायचं, आकडा येतो. पुस्तकात त्याला आरिटी म्हणतात. विनू 'घास मोजणं' म्हणतो. त्याच्या कंपनीतले हुशार लोक न मोजताच पुढे जातात. विनू एकेकापाशी थांबतो, विचारतो, मगच पुढे. त्यामुळे तो कासवासारखा चालतो, आणि त्याचं काम दगडासारखं टिकतं.

"पण काही लबाड असतात," तो म्हणाला. "विचारलं तं 'दोन' म्हणतात. तुमी दोन देता. अन् उत्तर म्हणून हातात जे येते, थेच आणखी एक मागत उभं असते. मोजणी बरोबर, तरी एक घास बाकी."

एकदा असंच झालं होतं. पुण्यात साहेबानं बाहेरच्या लोकांसमोर मोठ्या पडद्यावर रिपोर्ट उघडला, तर ओळीओळीवर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी नुसतं 'फंक्शन, फंक्शन, फंक्शन'. साहेब लाल झाला, बाकीचे तोंड दाबून हसले. विनू मात्र ती गोष्ट सांगताना हसत नाही. "थे सारे बिचारे उभे होते भाऊ," तो म्हणतो. "एकेका घासासाठी. ओरडत नव्हते, म्हणून कोणाले समजलं नाही."

आणि एवढं मोजणारा माणूस चहा सांगताना चुकतो. टपरीवर आम्ही चौघं असलो की विनू ओरडतो, "गुणवंता, तीन." पाच असलो की चार. स्वतःला धरतच नाही. लक्षात आणून दिलं की म्हणतो, "माया राहू द्या." गुणवंता आता विनूच्या आकड्यात आपल्या मनानं एक मिळवतो.

त्याचं लग्न जमवायची खटपट मीही केली. अड्याळला मुलगी बघायला गेलो. शिकलेली, नाकीडोळी नीटस, घर धानाची शेती करणाऱ्यांचं. मुलीचे वडील, काका, मामा, आत्या, सगळे ओळीनं बसले होते. पोहे आले. वडील म्हणाले, "विचारा, काय विचाराचं असन थे."

विनूनं पोह्याची प्लेट खाली ठेवली आणि मुलीला विचारलं, "तुमी एका वेळी किती प्रश्न घेता?"

मामाच्या घशात शेंगदाणा अडकला. मुलीनं वर पाहिलं आणि म्हणाली, "एक."

"तुमाले हे लग्न कराचं आहे?"

"नाही," ती म्हणाली.

विनूनं हात जोडले, पोहे चांगले होते असं तिच्या वडिलांना सांगितलं आणि उठला. परत येताना माझ्या मोटारसायकलवर मागे बसून तो इतका खूश, की मला वाटलं होकार मिळाला. "काय साफ उत्तर देलं भाऊ! एक घास, एक उत्तर!"

"अबे, तिनं तुले नाही म्हटलं," मी म्हणालो.

"हाव. पण किती साफ."

पुढे त्या मुलीचं तिच्या पसंतीनं लग्न झालं. मंडप माझाच होता. विनू आला आणि बाह्या दुमडून पंगतीत भात वाढायला लागला. कोणाला वरण हवं, कोणाला नको, कोणाच्या पानात मीठ राहिलं, सगळं त्याला बरोबर समजत होतं. शेवटच्या पंगतीनंतर मी त्याला शोधलं तर तो घरी निघून गेला होता. जेवला नव्हता.

आता त्याच्या वडिलांचं सांगतो, कारण त्यांच्याशिवाय विनू पुरा होत नाही.

सदाशिवकाका कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं कापड विणायचे. बोलणं फार कमी. मी समोरच्या घरात लहानाचा मोठा झालो, आणि त्यांचं सगळ्यात लांब भाषण मी ऐकलं ते म्हणजे "पाऊस येते, कपडे काढा." काकू गेल्या तेव्हाही ते मागावर जाऊन बसले आणि धोटा इकडून तिकडे फेकत राहिले. थोरला मुलगा प्रभाकर नागपूरला नोकरीत, धाकटा विनू पुण्याला. म्हातारा एकटा, माग आणि तो.

मग एका सकाळी मागाचा आवाज आला नाही.

लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "त्यांना किती समजतं ते आत्ताच सांगता येणार नाही." विनू पुण्याहून एक बॅग घेऊन आला आणि परत गेलाच नाही.

काकांना भेटायला अख्खी पवनी आली. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं म्हणजे त्याच्या डोक्यावर बोलण्याची गाडी रिकामी करणं. "काकाजी, कसे आहा? ओळखलं का मले? मी गोविंदाचा साळा. जेवले का? औषध घेता का? काही काळजी करू नोका, माया सासऱ्यालेही झालं होतं, तो तं आता सायकल चालवते." काका भिंतीकडे बघत राहायचे. माणूस दाराबाहेर येऊन आवाज खाली करून म्हणायचा, "काही समजत नाही त्याईले." मीही म्हणालो. माझा आवाज खाली होत नाही, त्यामुळे ते विनूनं ऐकलं असणार.

काही महिन्यांनी एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. विनू खाटेजवळ स्टुलावर बसला होता, हातात बशी. तो म्हणाला, "बाबा."

आणि थांबला.

मी वाट पाहिली. काही नाही. मी पेपर उचलला, पहिलं पान वाचलं, निधनवार्ता वाचल्या, एका मेलेल्या माणसाला ओळखतो का ते आठवून पाहिलं. मग काकांचे डोळे भिंतीवरून हळूहळू सरकत विनूच्या चेहऱ्यावर आले.

"चहा," विनू म्हणाला. पुन्हा थांबला.

"अबे विनू, हे काय..."

त्यानं हात वर केला. "थांबा ना भाऊ. पहिला घास अजून जाऊन राहिला."

काकांची नजर चेहऱ्यावरून बशीवर आली. "गरम," विनू म्हणाला. बऱ्याच वेळानं काकांनी बशीवर फुंकर मारली. वाकडी, अर्ध्या तोंडाची फुंकर. मग तोंड उघडलं.

मी पेपर उलटा धरला होता हे मला नंतर कळलं.

"बाबा थेच आहेत भाऊ," विनू बशी पुसत म्हणाला. "पह्यले सारं एकदम घेत होते. आता एक-एक घेतात. आमच्यात असं करता येते. तीन घेणारं फंक्शन असं मोडून ठेवता येते, की एक द्या, थांबा, दुसरं द्या, थांबा. शेवटचा घास गेला की उत्तर थेच येते, जे पह्यले येत होतं. लोक पोतं ओततात अन् निघून जातात. घासासाठी कोणी थांबतच नाही."

त्या दिवसानंतर मी माझ्या मोठ्या तोंडानं काकांना एकच शब्द बोलायला शिकलो. माझ्यासारख्या माणसाला ते किती जड जातं हे माझ्या बायकोला विचारा. ती म्हणाली, हे घरीही करून पाहा.

प्रभाकरदादा दर पंधरवड्याला नागपूरहून यायचा. तो काही वाईट माणूस नाही. गाडीतून फळं उतरवायचा, औषधं उतरवायचा, बापाच्या पायाशी बसून भरभर बोलायचा, उत्तर येत नाही म्हणून डोळे पुसायचा आणि निघायचा. विनूच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही त्यानं पाहिली होती. एकदा जाताना तो अंगणात थांबला. मी माझ्या ओट्यावर होतो.

"विनू, नागपूरले एक जागा पाहून ठेवली आहे," तो म्हणाला. "चोवीस तास नर्स आहे. बाबाले तिथं ठेवू. तू पुण्याले जाय, आपलं आयुष्य पाहा."

"बाबाले इथं समजते, दादा. घर समजते. माग समजते."

"तुले वाटते तसं."

"वाटत नाही. उत्तर देतात थे."

दादानं गाडीच्या टपावर हात ठेवला. "मग मायासमोर देऊ दे. पुढच्या रविवारी येतो. चलता का म्हणून विचारू. हो म्हणोत, नाही म्हणोत, जे म्हणतीन थे मले मान्य. पण काहीच आलं नाही, तं मी नेतो. ज्याले समजतच नाही त्याले इथं काय अन् तिथं काय? तिथं निदान नर्स आहे."

विनूनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "ठीक."

तो आठवडाभर विनूचा माग रिकामाच खटखटत होता. काम करताना नव्हे, नुसता बसून. त्याला कशाची भीती आहे ते मी विचारलं नाही. बापानं उत्तर नाही दिलं तर दादा नेणार. दिलं आणि ते 'हो' असलं, तरी नेणार. मी त्याला म्हणालो, "काकाले सोपं काही विचार ना. चहा पाहिजे का विचार. उत्तर आलं की झालं. काकाले समजते, हे दादाले पटलं की संपलं."

"प्रश्न थो नाही ना भाऊ," विनू म्हणाला. "बाबाले नेऊन राहिले, तं बाबाले विचारलंच पाहिजे."

रविवारी दादा आला. दुपार होती. मी मंडपाचं एक काम अर्धवट सोडून गेलो; तिकडे नवरदेव बिनझालरीच्या मंडपात बसला असेल तर बसो.

दादा खाटेवर बसला आणि बापाचा हात हातात घेऊन सुरू झाला. "बाबा, नागपूरले चलता का? तिथं डॉक्टर आहे, नर्स आहे, एसी आहे. पोरं भेटाले येत जातीन. इथं विनूचेही हाल होऊन राहिले. चला ना, काय म्हणता?"

काका भिंतीकडे बघत होते.

"पाहा," दादा माझ्याकडे वळून म्हणाला. "पाहा भाऊ तुमीच."

"तू पोतं ओतलं, दादा," विनू म्हणाला. "सरक."

तो स्टुलावर बसला. दोन्ही हात मांडीवर.

"बाबा."

इथून पुढे मी काहीही वाढवून सांगत नाही.

डोळे आले. विनूच्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

"दादा आला."

डोळे दादाकडे गेले. दादा पुढे झुकला, कारण आल्यापासून त्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. तो बोलायला गेला, मी त्याचा खांदा दाबला.

"नागपूर," विनू म्हणाला.

काकांची नजर दारातून बाहेर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत गेली आणि परत आली.

आता शेवटचा घास होता. आणि विनू थांबला. बापासाठी नव्हे. मला वाटलं, अरे वेड्या, नको विचारू. एवढं पुरे आहे. दादानं डोळे पाहिले आहेत. इथंच सोड. आयुष्यभर ज्यानं कोणाला घासासाठी उभं ठेवलं नाही, तो स्वतःच्या बापाला एका घासासाठी उभं ठेवतो की काय, असं क्षणभर वाटलं.

"चलता?" विनू म्हणाला.

आम्ही वाट पाहिली. गल्लीतून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. त्याची घंटी नदीकडे जाऊन बंद झाली. काका विनूकडे बघत होते, नुसते बघत होते. उत्तर नाही. हो नाही, नाही नाही.

दादानं डोळे पुसले आणि विनूच्या पाठीवर हात ठेवला. "झालं विनू. तू खूप केलं. झालं."

"चार," विनू पुटपुटला. "बाबा, दादा, नागपूर, चलता. चारही देले. चारच आहेत." त्याचा चेहरा असा झाला होता, जणू सगळा पडदा 'फंक्शन, फंक्शन' या शब्दांनी भरला आहे. "मोजलं होतं मी."

तेवढ्यात मी पाहिलं, की काकांचा डावा हात चादरीवरून सरकतो आहे. हळू, बोटाबोटानं. तो विनूच्या गुडघ्यापर्यंत आला आणि त्याच्या शर्टाचं टोक धरलं.

"मागून राहिले," विनू एकदम म्हणाला. "एक बाकी आहे. अजून एक मागून राहिले! काय, बाबा? पाणी?"

हात सुटला नाही.

"औषध? खिडकी? उशी?" विनू घाबरून पोतं ओतत होता. पहिल्यांदाच. "काय राहिलं? दादा, काय राहिलं असन?"

प्रभाकरदादा त्या हाताकडे बघत होता. मग त्याचा आवाज बदलला. लहानपणी धाकट्याला रागवताना असायचा तसा झाला.

"अबे, तुले मागून राहिले थे. मी नागपूरले. बाबा नागपूरले. अन् तू? तू कुठं? थे सांगितलं का तू?"

विनूनं बोटं वर केली, जणू मोजणार होता, आणि खाली घेतली.

"मी," तो शेवटी म्हणाला. थांबला. या वेळी कोणासाठी थांबला ते सांगता येत नाही. "मी नाही येत, बाबा. मी दुसरीकडं."

काकांनी ऐकलं. ते आत जाताना दिसलं. विहिरीत टाकलेला दगड बुडताना दिसावा तसं. मग त्यांची मान उशीवर एका बाजूला वळली, दुसऱ्या बाजूला वळली. आणि महिनोन् महिने बंद असलेल्या तोंडातून वाकडातिकडा, अर्धा, पण साफ शब्द आला.

"नाई."

दादा खाटेजवळ जमिनीवरच बसला. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. लोकांना सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत. कुत्र्याच्या गोष्टीवर ठेवतात, पण मी गप्प बसलो यावर ठेवत नाहीत.

बऱ्याच वेळानं विनू उठून आत गेला आणि चहा करून आणला. ट्रेमध्ये तीन कप. एक दादाला दिला, एक मला, तिसरा बशीत ओतून स्टुलावर बसला.

"बाबा," तो म्हणाला. थांबला. "चहा." थांबला. "गरम."

काकांनी बशीकडे पाहिलं. फुंकर मारली नाही. तोंड उघडलं नाही. डोळे बशीवरून रिकाम्या ट्रेवर गेले आणि तिथंच राहिले.

"काय झालं?" विनू म्हणाला. "तीन आहेत ना बाबा, तीनच घेते हे..."

प्रभाकरदादा उठला. आत जाऊन एक रिकामा कप घेऊन आला, आपल्यातला अर्धा चहा त्यात ओतला आणि विनूच्या हातात दिला.

"पी," तो म्हणाला.

विनूनं कप तोंडाला लावला. मग काकांनी फुंकर मारली आणि तोंड उघडलं.